‘एशिया’चे नामकरण : मद्रासच्या वेधशाळेतील एका लघुग्रहाची कथा

नामकरण हा आपल्या सोळा संस्कारांपैकी एक संस्कार होय. मूल जन्मास आले म्हणजे लागलीच त्याचे नाव ठेवीत नाहीत. काही दिवस जाऊ देतात, बाळ तगते असे दिसले म्हणजे बाराव्या दिवशी पाळण्यात घालून चार सुवासिनींच्या साक्षीने त्याच्या कानात नाव सांगतात. त्या क्षणापासून ते मूल कुळाचे होते, गावाचे होते, आणि पुढे जन्मभर त्या नावाने ओळखले जाते. नाव ठेवणाराचे मन, त्याची श्रद्धा, त्याचा अभिमान आणि कधी कधी त्याचा अहंकारही त्या एका शब्दात उतरलेला असतो.

आकाशातील ज्योतींचीही अशीच बारशी झालेली आहेत. सूर्यचंद्रादी नवग्रहांची नावे कोणी व केव्हा ठेविली हे कोणासच सांगता यावयाचे नाही. देवळाच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर त्यांच्या मूर्ती आपण नित्य पाहतो, पण त्यांच्या नामकरणाचा दिवस कालाच्या उदरात गडप झाला आहे. ज्यांचे बारसे इतिहासाच्या उजेडात झाले असे आकाशस्थ गोलही मात्र पुष्कळ आहेत. त्यांतील एकाची हकीकत येथे सांगावयाची आहे. १८६१ सालच्या एप्रिल महिन्याच्या १७ तारखेस मद्रास (आजचे चेन्नई) येथील वेधशाळेत नॉर्मन रॉबर्ट पॉग्सन ह्या ज्योतिर्विदास एक नवा लघुग्रह सापडला. आशिया खंडाच्या भूमीवरून शोधला गेलेला हा पहिलाच लघुग्रह. त्याचे नाव ठेविले गेले ‘एशिया’ आणि त्याचा अनुक्रमांक आहे ६७.

लघुग्रह म्हणजे काय, हे प्रथम थोडक्यात सांगितले पाहिजे. मंगळ आणि गुरू ह्यांच्या कक्षांमध्ये फार मोठे अंतर आहे. इतर ग्रहांच्या अंतरांत जो एक प्रकारचा क्रम दिसतो त्या क्रमाने पाहिले तर ह्या मोकळ्या जागेत आणखी एक ग्रह असावा, असे अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील ज्योतिषांस वाटू लागले होते. त्याचा शोध करण्यासाठी १८०० साली जर्मनीत एक मंडळही स्थापन झाले. परंतु ज्याचे भाग्य त्याचेच! १ जानेवारी १८०१ ह्या दिवशी, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच रात्री, सिसिली बेटावरील पालेर्मो येथे जुझेप्पे पियाझ्झी ह्या ख्रिस्ती धर्मगुरूस वृषभ राशीत एक अनोळखी ज्योत दिसली. रोज रात्री ती किंचित सरकत होती. फेब्रुवारीच्या ११ तारखेपर्यंत त्याने तिचे वेध घेतले. पुढे तो आजारी पडला आणि ती ज्योत सूर्याच्या तेजात लोपली.

ती पुन्हा कोठे शोधावी? येथे चोवीस वर्षांचा कार्ल फ्रीड्रिख गाउस पुढे आला. पियाझ्झीच्या थोड्याशा वेधांवरून संपूर्ण कक्षा काढण्याची नवी रीत त्याने बसविली आणि त्या गणिताने दाखविलेल्या जागी १८०१ च्या अखेरच्या रात्री फॉन झाख ह्यास आणि दुसऱ्याच रात्री ओल्बर्स ह्यास ती ज्योत पुन्हा सापडली. पियाझ्झीने तिला सिसिलीची धान्यदेवता ‘सीरीस’ हिचे नाव दिले आणि जोडीला आपल्या राजाचे, फर्डिनांडचे, नाव लाविले. जगाने अन्नपूर्णेसारख्या त्या देवतेचे नाव स्वीकारले आणि राजाचे नाव गळून पडले. त्यापूर्वी विल्यम हर्शेलने १७८१ साली शोधलेल्या ग्रहास इंग्लंडच्या जॉर्ज राजाचे नाव दिले होते, तेही असेच मागे पडून ‘युरेनस’ हे नाव रूढ झाले. आकाशाच्या पंचायतीत राजांची शिफारस सहसा चालत नाही, हे ह्या दोन उदाहरणांवरून ध्यानात येते.

सीरीसच्या मागून १८०७ पर्यंत पॅलस, जूनो आणि व्हेस्टा हे तीन लघुग्रह सापडले. नंतर अडतीस वर्षे काही नाही. १८४५ साली हेंके ह्या जर्मन डाकमास्तराने पाचवा शोधून काढला आणि मग जणू धरणाचा बांध फुटला. १८६० साल संपले तेव्हा ही संख्या ६२ झाली होती. हे सर्व शोध युरोप व अमेरिका येथील होते. अफाट विस्ताराच्या आशिया खंडातून एकही नव्हता. ती उणीव मद्रासने भरून काढिली.

पॉग्सन ह्याचा जन्म १८२९ साली इंग्लंडातील नॉटिंगहॅम येथे झाला. अठरा वर्षांचे वय होईतो त्याने धूमकेतूंच्या कक्षा गणिताने काढण्याचा अभ्यास केला होता. पुढे लंडन, ऑक्सफर्ड व हार्टवेल येथील वेधशाळांत त्याने काम केले. ऑक्सफर्ड येथे असताना १८५६ व १८५७ ह्या दोन वर्षांत त्याने आयसिस, आरिआड्नी आणि हेस्टिया असे तीन लघुग्रह शोधले. आयसिस ही मिसर देशातील देवता. ऑक्सफर्डजवळून वाहणाऱ्या टेम्स नदीसही तेथे आयसिस म्हणतात, आणि पॉग्सनच्या लहानग्या कन्येचे नावही तेच होते. एका नावात देवता, नदी आणि लेक अशा तिघींचा मेळ बसला.

लघुग्रहांच्या ह्याच अभ्यासातून पॉग्सनच्या हातून एक कायमचे कार्य झाले. तारे तेजाच्या मानाने पहिल्या प्रतीचे, दुसऱ्या प्रतीचे असे मोजण्याची चाल फार जुनी. परंतु एका प्रतीपासून दुसऱ्या प्रतीपर्यंत तेज नेमके किती उतरते, ह्याबद्दल एकवाक्यता नव्हती. १८५६ साली ३६ लघुग्रहांच्या तेजाचे कोष्टक करताना पॉग्सनने असे सुचविले की, पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर शंभरपट फरक धरावा. म्हणजे एका प्रतीस सुमारे २.५१२ पट. आज जगातील प्रत्येक वेधशाळेत हेच प्रमाण चालते. नुसत्या डोळ्यांस दिसणारा अगदी मंद तारा सहाव्या प्रतीचा असतो. ‘एशिया’ हा बहुधा दहाव्या-अकराव्या प्रतीचा असतो. अकराव्या प्रतीचा म्हणजे त्या अतिमंद ताऱ्याहूनही शंभरपट मंद. पॉग्सनच्याच मापाने पॉग्सनचाच लघुग्रह मोजावा, हा योग मोठा सुंदर आहे.

१८६० साली त्याची मद्रास येथे सरकारी ज्योतिषी म्हणून नेमणूक झाली आणि १८६१ च्या आरंभी तो तेथे पोहोचला. नुंगमबाक्कम येथील ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १७९२ साली बांधिलेली. तेथील टी. जी. टेलर ह्याने अकरा हजारांवर ताऱ्यांची यादी तयार करून वेधशाळेचे नाव युरोपात पोहोचविले होते. पॉग्सन रुजू झाल्यावर अवघ्या काही आठवड्यांतच ‘एशिया’ सापडला, ह्यावरून त्याची चिकाटी दिसते.

नवा लघुग्रह शोधावयाचा कसा? त्या काळी छायाचित्रांच्या काचा नव्हत्या. आकाशाच्या एकेका तुकड्याचा नकाशा जवळ घ्यावयाचा, दुर्बिणीतून दिसणारा प्रत्येक बारीक तारा त्यावर ताडून पाहावयाचा आणि नकाशात नसलेला ठिपका दिसला म्हणजे थांबावयाचे. तो ठिपका तारा असेल तर दुसऱ्या रात्रीही तेथेच राहील. लघुग्रह असेल तर शेजारच्या ताऱ्यांच्या मानाने सरकलेला दिसेल. असा शोध बहुधा सूर्याच्या बरोबर समोरच्या आकाशात करितात, कारण तेथे आलेला लघुग्रह पृथ्वीस जवळ व म्हणून तेजस्वी असतो आणि मध्यरात्री माथ्याच्या बाजूस येतो. एप्रिलच्या मध्यास मद्रासच्या मध्यरात्री चित्रा नक्षत्र अशा जागी असते. उकाड्याच्या त्या रात्री, डोळ्यांस दुर्बीण लावून, शेकडो ठिपक्यांतून एक उपरा ठिपका हुडकावयाचा, ह्याला तपश्चर्या म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

ठिपका सापडला एवढ्याने काम संपत नाही. आकाशातील एक वेध म्हणजे केवळ दिशा. अंतर त्यात नसते. कक्षा ठरविण्यास निदान तीन निरनिराळ्या वेळचे वेध लागतात आणि त्यांवर गाउसच्या रीतीने गणित करावे लागते. दोन वेधांवर भागत नाही, ह्याचा कडू अनुभव पॉग्सनला पुढे अकरा वर्षांनी आला. १८७२ च्या नोव्हेंबरअखेर जर्मनीतील क्लिंकरफ्यूस ह्याची तार मद्रासला आली, की बिएलाचा धूमकेतू पृथ्वीस चाटून गेला आहे, तरी अमुक ताऱ्याजवळ शोध करावा. डिसेंबरच्या आरंभी लागोपाठ दोन पहाटे पॉग्सनला त्या दिशेस एक धूमकेतू दिसला; आणि मग आभाळ भरून आले. तिसरा वेध कधीच मिळाला नाही. तो धूमकेतू कोणता, हे निश्चित सांगता येत नाही ते ह्याच कारणाने. तीन वेळा दर्शन दिल्यावाचून आकाशातील पाहुणा आपले गोत्र सांगत नाही.

‘एशिया’ने मात्र आपले गोत्र सांगितले. सूर्यापासून त्याचे मध्यम अंतर पृथ्वीच्या अंतराच्या २.४२ पट, म्हणजे सुमारे ३६ कोटी किलोमीटर आहे. सूर्याचा प्रकाश तेथे पोहोचण्यास वीस मिनिटे लागतात. त्याची कक्षा बरीच लांबट असल्यामुळे तो कधी सूर्यापासून साडेएकोणतीस कोटी किलोमीटरांवर येतो, तर कधी त्रेचाळीस कोटी किलोमीटरांपर्यंत दूर जातो. पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी त्याची कक्षा सुमारे ६ अंशांनी कललेली आहे. सूर्याभोवती एक प्रदक्षिणा करण्यास त्याला ३.७७ वर्षे, म्हणजे पावणेचार वर्षांहून किंचित अधिक काळ लागतो. मंगळाच्या दोन प्रदक्षिणा जवळजवळ एवढ्याच काळात होतात, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. स्वतःभोवती तो सुमारे सोळा तासांत एकदा फिरतो. अलीकडील मोजमापांवरून त्याचा व्यास ५८ किलोमीटरांच्या आसपास असून तो खडकाळ जातीचा आहे असे ठरले आहे. गोव्याच्या दक्षिणोत्तर लांबीच्या निम्म्याहून थोडा अधिक, एवढा हा धोंडा! परंतु त्याचे गणित चुकत नाही. सेकंदास सरासरी १९ किलोमीटर ह्या गतीने तो आजही आपली वाट चालत आहे.

आता नावाकडे वळू. १८६१ साल हे लघुग्रहांच्या नामकरणात मोठ्या चर्चेचे होते. प्राचीन ग्रीक-रोमन देवतांचीच नावे द्यावी असा तोपर्यंतचा परिपाठ. तो मोडू पाहणारेही होतेच. १८५० साली इंग्रज ज्योतिषी हाइंड ह्याने बाराव्या लघुग्रहास ‘व्हिक्टोरिया’ नाव दिले. ती रोमन लोकांची विजयदेवता आहे असे तो म्हणे. पण राणीचे नाव सर्वांस ठाऊक होते, आणि अमेरिकेतील ज्योतिषांनी त्यावर हरकत घेऊन काही काळ ‘क्लिओ’ हे वेगळेच नाव चालविले. १८६१ च्या मार्च महिन्यात टेम्पेल ह्याने मार्सेय येथे शोधलेल्या ६५ व्या लघुग्रहास बव्हेरियाच्या मॅक्सिमिलियन राजाचे नाव दिले गेले. तेही टिकले नाही. ‘सिबिली’ ह्या मातृदेवतेचे नाव त्या जागी आले.

त्याच वर्षी इटली देश एक होऊन मार्च महिन्यात इटलीचे राज्य जाहीर झाले. नेपल्सच्या दे गास्पारिस ह्याने फेब्रुवारीत शोधलेल्या ६३ व्या लघुग्रहास ‘औसोनिया’ हे इटलीचे जुने काव्यमय नाव मिळाले. एप्रिलच्या अखेरच्या आठवड्यात मिलान येथे स्कियापारेल्ली ह्याने ६९ वा शोधला आणि त्याचे नाव ‘हेस्पेरिया’ ठेविले. हेस्पेरिया म्हणजे मावळतीचा देश. ग्रीक लोक इटलीस ह्या नावाने ओळखीत. मद्रासचा ‘एशिया’ आणि मिलानची ‘हेस्पेरिया’ ह्यांच्यात पंधरवड्याचेही अंतर नाही. एका नावात उगवती, दुसऱ्यात मावळती. आणि दोन्ही नावांमागे भूमीचा अभिमान.

पॉग्सनने ‘एशिया’ हे नाव निवडताना मोठे चातुर्य दाखविले. ग्रीक पुराणांत एशिया नावाची एक टायटन-कुलातील स्त्री आहे. देवांकडून अग्नी आणून मानवास देणाऱ्या प्रॉमिथियसची ती माता, तर काहींच्या मते पत्नी. म्हणून परिपाठ राहिला. आणि ज्या खंडावरून हा शोध प्रथमच लागला त्या खंडाचेही तेच नाव. म्हणून भूमीचा मानही राहिला. राजा नाही, राणी नाही, गव्हर्नर नाही. परक्या सत्तेच्या नोकरीत असलेल्या माणसाने, १८५७ चा वणवा विझून चार वर्षेही झाली नव्हती अशा काळी, सत्तेचे नाव न देता भूमीचे नाव दिले, ह्याची कदर आपण केली पाहिजे.

तथापि ह्या कथेस दुसरी एक बाजू आहे. मद्रासच्या त्या वेधशाळेत दुर्बिणीसाठी एक प्रचंड दगडी खांब उभारलेला होता आणि त्यावर अनेक भाषांत लेख कोरलेला होता. १७९२ च्या एका वृत्तान्तात ह्या लेखाचा हेतू सांगितला आहे. तो असा की, ब्रिटिशांच्या औदार्याने आशियात गणितशास्त्रांचे रोप प्रथम केव्हा लाविले गेले, हे एक हजार वर्षांनंतरच्या लोकांस कळावे!

ह्या ‘प्रथम’ शब्दास उत्तर म्हणून दुसऱ्या एका दगडाची आठवण होते. खानदेशात चाळीसगावाजवळ पाटण म्हणून गाव आहे. तेथील भवानीच्या देवळात तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण ह्याच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ आदी ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे म्हणून त्याने मठ स्थापिला, आणि निकुंभ घराण्यातील सोइदेव ह्याने त्यास दान दिले, असे त्या लेखात आहे. त्याच्या अखेरच्या ओळी जुन्या मराठीत असून पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावर मठास काय द्यावयाचे ते त्यांत सांगितले आहे. म्हणजे देवळाच्या आश्रयाने, बाजारातील व्यापाऱ्यांच्या पैशाने, ज्योतिर्गणिताची पाठशाळा चालत होती. आणि तीही मद्रासचा खांब उभा राहण्यापूर्वी जवळजवळ सहाशे वर्षे!

हा लेख विद्वानांच्या नजरेस आणून देणारे गृहस्थ म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड. गोव्यातील पेडणे महालातील मांद्रे हे त्यांचे जन्मगाव. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य ह्यांच्या काळाविषयीचा त्यांचा निबंध १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ‘एशिया’ आकाशात सापडल्यावर अवघ्या चार वर्षांनी आशियाच्या खऱ्या ज्योतिःपरंपरेचा पुरावा एका गोमंतकीयाने जगापुढे मांडला. दोन्ही दगड आपापल्या जागी खरे आहेत. मद्रासच्या खांबावरून नव्या यंत्रांचा आरंभ कळतो, पाटणच्या शिळेवरून जुन्या विद्येचे मूळ कळते. चूक होते ती एकच दगड वाचून दुसरा न वाचल्याने.

मद्रासच्या वेधशाळेत ही दोन्ही सूत्रे एका माणसाच्या ठायी एकत्र आलेली होती. त्यांचे नाव चिंतामणी रघुनाथाचार्य. पॉग्सन आला तेव्हा ते वेधशाळेत नोकरीस होतेच. पुढे ते पहिले साहाय्यक झाले. १८६७ साली दक्षिण आकाशातील ‘रेटिक्युलम’ ह्या तारकासमूहातील एका ताऱ्याचे तेज कमीअधिक होते, हे त्यांनी शोधून काढिले. हा ‘आर रेटिक्युली’ नावाचा रूपविकारी तारा आज सर्व याद्यांत आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी पॉग्सन मछलीपट्टण येथे गेला आणि रघुनाथाचार्यांनी निजामाच्या मुलखात वनपर्ती येथे वेध घेतले. १८७२ साली लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांस आपले सदस्य करून घेतले.

परंतु आपल्या वाचकांस विशेष आपुलकी वाटावी अशी गोष्ट आणखी निराळीच आहे. जुन्या करणग्रंथांवरून केलेल्या पंचांगांत ग्रह एका ठिकाणी आणि आकाशात दुसऱ्या ठिकाणी, अशी स्थिती तेव्हा झाली होती. ग्रहणाच्या वेळा चुकत, आणि पर्वकाळ हुकल्याने स्नानदानादी कर्मे अवेळी घडत. रघुनाथाचार्यांनी वेधांशी जुळणारे दृग्गणित पंचांग काढून ही चूक दुरुस्त करण्याचा यत्न केला. १८७४ च्या डिसेंबरात शुक्र सूर्यबिंबावरून जाणार होता, त्याविषयी सामान्य जनांस समजेल अशी पुस्तिका त्यांनी इंग्रजीबरोबर देशी भाषांतही प्रसिद्ध केली. त्याच सुमारास आपल्या महाराष्ट्रात केरो लक्ष्मण छत्रे ह्यांनी हेच व्रत घेतले होते. शके १७८७ पासून निघू लागलेले पटवर्धनी पंचांग हे त्याचे फळ. एकाने तामिळ देशात, दुसऱ्याने पुण्यात, परस्परांपासून दूर राहून, आकाशच प्रमाण मानावे असा एकच आग्रह धरिला. त्यांस विरोधही पुष्कळ झाला. ज्यांच्या घरी आजही दृक्प्रत्ययी पंचांग येते, त्यांनी एकादशी पाहताना ह्या दोघांचे ऋण आठवावे.

आणि तरीही ‘एशिया’ असे नाव धारण करणाऱ्या त्या लघुग्रहाच्या कथेत आशियातील माणसे फारशी कोठे दिसत नाहीत. इंग्रजी ग्रंथांत शोधक म्हणून पॉग्सनचे नाव येते, आणि ते योग्यच आहे. परंतु वेधशाळा म्हणजे एकटा माणूस नव्हे. घड्याळ सांभाळणारे, वेध लिहून घेणारे, रात्रंदिवस गणिताची कोष्टके भरणारे जे मद्रासचे लोक होते, त्यांतील रघुनाथाचार्यांचे नाव तेवढे लोकांच्या ओठांवर राहिले. बाकीचे देवळाच्या पायातील दगडांप्रमाणे अदृश्य आहेत. भार त्यांच्यावर, शिखराचे सोने दुसऱ्यावर.

पॉग्सनच्या वाट्यासही सर्व सुख आले असे नाही. मद्रासला तो जो आला तो परत मायदेशी गेलाच नाही. तीस वर्षे त्याने त्याच वेधशाळेत काढिली. तेथे ‘एशिया’नंतर त्यास सॅफो (१८६४), सिल्व्हिया (१८६६), कॅमिला (१८६८) आणि व्हेरा (१८८५) असे आणखी चार लघुग्रह सापडले. ज्या आयसिस कन्येच्या नावाचा लघुग्रह त्याने तरुणपणी पाहिला होता, ती मोठी होऊन १८७३ पासून त्याच वेधशाळेत बापाची साहाय्यक झाली. १८८६ साली तिचे नाव रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीपुढे सुचविले गेले, परंतु केवळ स्त्री म्हणून ते मान्य झाले नाही. पुढे १९२० साली तिला तो मान मिळाला. आकाशात जिच्या नावाची ज्योत चौसष्ट वर्षे फिरत होती, तिला पृथ्वीवरील एका सभागृहाचे दार उघडण्यास एवढा काळ लागला. पॉग्सन १८९१ साली मद्रास येथेच मरण पावला. त्याच्या वेधांचे काही खंड त्याच्या मृत्यूनंतरच छापले गेले.

पुढे १८९९ साली वेधशाळेचे मुख्य काम कोडाईकनालच्या डोंगरावर गेले आणि १९७१ साली त्याच परंपरेतून भारतीय खगोलभौतिकी संस्था स्वतंत्र झाली. पॉग्सनचे लघुग्रहही मागे पडले नाहीत. ‘सिल्व्हिया’ हे नाव रोम नगरीच्या संस्थापकांच्या मातेवरून ठेविलेले होते. २००१ साली त्या लघुग्रहास एक उपग्रह असल्याचे दिसले आणि नंतर दुसराही सापडला. २००५ साली हे वृत्त जाहीर झाले. दोन उपग्रह असलेला हा पहिलाच ज्ञात लघुग्रह. त्यांची नावे अर्थातच त्या मातेच्या जुळ्या पुत्रांची, रोम्युलस आणि रीमस अशी ठेविली गेली. मद्रासला आईचे बारसे झाले आणि लेकरांचे बारसे एकशे एकोणचाळीस वर्षांनी झाले!

पॉग्सनच्या ‘व्हेरा’नंतर भारतभूमीवरून नव्या लघुग्रहाचा शोध लागण्यास शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. तामिळनाडूतील कावलूर येथे, त्याच भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या वेधशाळेत, आर. राजमोहन ह्यांस १७ फेब्रुवारी १९८८ रोजी एक लघुग्रह सापडला. ह्या शोधकार्याचे नाव ‘कल्की’ असे होते. लघुग्रहास प्रथम ‘१९८८ डीक्यू१’ अशी केवळ खूण मिळाली. कक्षा पक्की झाल्यावर ४१३० हा क्रमांक मिळाला. आणि मग त्याचे नाव ‘रामानुजन’ ठेविले गेले. ज्या मद्रासच्या भूमीवर ‘एशिया’ सापडला, तेथेच बंदराच्या कचेरीत कारकुनी करीत ज्याने गणिताचे चमत्कार केले, त्या श्रीनिवास रामानुजन ह्यांचे ते नाव.

आजची रीतही आपल्या बारशाच्या रीतीहून फारशी वेगळी नाही. नवा लघुग्रह दिसला म्हणजे लगेच नाव मिळत नाही. अनेक फेऱ्यांत त्याचे दर्शन होऊन कक्षा निश्चित झाली, म्हणजे तो ‘तगला’ असे ठरले, तरच क्रमांक मिळतो. त्यानंतर शोधकाने नाव सुचवावयाचे आणि आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या मंडळाने ते मान्य करावयाचे. राजकारणात किंवा रणांगणात प्रसिद्ध झालेल्या माणसाचे नाव त्याच्या मृत्यूस शंभर वर्षे झाल्यावाचून देता येत नाही. फर्डिनांड, जॉर्ज आणि मॅक्सिमिलियन ह्यांच्या कथेवरून जग शहाणे झाले, असे म्हणावयास हरकत नाही. क्रमांक मिळालेले लघुग्रह आता आठ लक्षांच्या वर गेले आहेत आणि नावे मिळालेले त्यांतील फार थोडे आहेत. पाळणे अजून पुष्कळ रिकामे आहेत.

ह्या सर्व कथेतून घ्यावयाचे ते काय? ‘एशिया’ हे ग्रीक नाव आहे, ते परक्याने ठेविले, म्हणून मन खट्टू करण्याचे कारण नाही. भवानीच्या देवळात ज्योतिषाच्या मठाचा लेख कोरणारे आपलेच पूर्वज होते. परंतु तो मठ पुढे चालू राहिला नाही, आणि आकाशाकडे पाहण्याचे सोडून आपण कोष्टकांकडेच पाहत बसलो, हेही खरे आहे. जो जागतो त्याला आकाश दिसते, आणि ज्याला दिसते तो नाव ठेवितो. पॉग्सन जागला, रघुनाथाचार्य जागले, छत्रे जागले, राजमोहन जागले. पुढच्या नावांचा हक्क पुढे जागणाऱ्यांचा आहे.

कार्तिकात देवळाच्या दीपमाळेवर दिवे लावून आपण वर पाहतो, तेव्हा ‘एशिया’ कोठे तरी त्या तारकांत असतोच. डोळ्यांना तो दिसत नाही. परंतु पावणेचार वर्षांची आपली प्रदक्षिणा तो न चुकता करीत आहे, आणि मद्रासच्या एका उन्हाळी रात्री मिळालेले नाव घेऊन करीत आहे. आपल्या मुलांस नवग्रहांची नावे सांगताना ह्या लहानशा ग्रहाचेही नाव कधी सांगावे. आणि त्याबरोबर चिंतामणी रघुनाथाचार्यांचे नाव सांगण्यास विसरू नये.